नरनाळ्याचा दरवाजा नवा करून द्या

माझ्या साडूला आयुष्यात पहिल्यांदा चित्र हवंसं वाटलं तेव्हा त्याची साठी जवळ आली होती आणि अकोल्यात अकोट रोडवरच्या त्याच्या मंगल कार्यालयाच्या भिंतींना नुकताच रंग लागला होता. हवंसं वाटलं असं म्हणणंही जरा जास्तच आहे. स्टेजमागची भिंत रिकामी दिसत होती, एवढंच.

मी अमरावतीला राहतो. नोकरीची सगळी वर्षं शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, म्हणजे मुलांना घागर आणि लिंबू काढायला लावण्यात. राहिलेल्या वेळात मी पडके किल्ले रंगवले. साडूनं त्यातलं एकही चित्र कधी नीट पाहिलं नव्हतं. आमच्याकडे आला की माझ्या चित्राखालच्या दिवाणावर चित्राकडे पाठ करून बसायचा आणि प्लॉटच्या गोष्टी सांगायचा. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणून मी ऐकून घ्यायचो.

त्याचा फोन आला.

"साडभाऊ, इस्टेजच्या मांगं भिंत हाय. चांगली मोठी. तिच्यावर आपल्याले नरनाळा पायजे."

"नरनाळाच का?"

"काहून म्हंजे? आपला किल्ला हाय ना बाप्पा! बाकीचे कार्यालयवाले काश्मीरचे पोस्टर लावतेत. आपल्याले आपला इतिहास दाखवाचा हाय."

हा इतिहास त्याला अलीकडेच सापडला होता. रोज सकाळी फोनवर येतो तो. तलवारी, गरजणारे सिंह, मागे ढोल. तो वाचायचा नाही, पुढे पाठवायचा. मलाही पाठवायचा.

"तुम्ही नरनाळा पाहिला आहे का?" मी विचारलं.

"पाहाचं काय त्यात? आमच्या घरून दिसते."

हे खरं होतं. त्याचं मूळ गाव अकोट तालुक्यातलं. तिथून सातपुड्याची रांग दिसते आणि रांगेवर किल्ल्याची तटबंदी एखाद्या रेघेसारखी दिसते. जन्मभर त्यानं ती रेघ पाहिली आणि वर जायची गरज त्याला वाटली नाही. मी नाही म्हणणार होतो. बायको म्हणाली, "अवो, तो दुसऱ्यांदा काई तुमाले चित्र मांगनार नाई. देऊन टाका एकदाचं." मी हो म्हणालो, आणि हो म्हणताना मनात हसलो. म्हटलं, याला एकदा वर नेऊ. खरा किल्ला पाहून याचं काय होतं ते पाहू.

वऱ्हाडात ज्याला पडझड रंगवायची आहे त्याला विषयांची वाण नाही. गाविलगड आहे, नरनाळा आहे, बाळापूर आहे. अचलपुरात तर गल्लीबोळात कमानी उभ्या आहेत, आणि अमरावतीचा परकोट, म्हणजे शहराचा जुना तट, भाजी आणायला जातानाही लागतो. माझी हयात त्यात गेली, त्यामुळे या पडझडीच्या चित्रांमध्ये कोणी कधी काय लबाडी केली हे मला चांगलं ठाऊक होतं. निदान तसं मला वाटत होतं.

मी शिकत होतो तेव्हा कलाशाळेच्या वाचनालयात गोऱ्या साहेबांनी काढलेल्या जलरंगी चित्रांचं एक जाड पुस्तक होतं. किल्ला कोणताही असो, पुढे वडाचं झाड, झाडाखाली आडवा पडलेला काळा माणूस, मागे कमानीतून फुटलेला पिंपळ. हात मात्र काय सुंदर त्या साहेबांचा! पानन्‌पान मोजून घ्यावं. पण पानं मोजून झाली की चित्र एकच गोष्ट सांगायचं: यांचं संपलं, हे आता झोपलेत, आम्ही आलो हे बरंच झालं. भिंत जितक्या मायेनं ढासळलेली दाखवावी तितकी साहेबाची कचेरी पक्की वाटे. गाविलगडाच्या तटाला भगदाड कोणाच्या तोफांनी पाडलं ते मात्र कुठल्याही चित्रात दिसत नसे. जणू ते पावसानं पडलं होतं.

मग आमच्या सरांची पिढी आली. मला ज्यांनी शिकवलं ते सर. त्यांची चित्रं एके काळी अमरावतीतल्या प्रत्येक मोठ्या डॉक्टराच्या आणि वकिलाच्या दिवाणखान्यात होती. त्यांच्या चित्रात ढासळलेला बुरुज असे, बुरुजावर संध्याकाळचं सोनं सांडलेलं असे आणि पुढून एक धनगर बकऱ्या घेऊन जात असे. पाहणारा हळहळायचा, केवढं वैभव होतं, कसं गेलं, आणि हळहळून झाल्यावर जेवायला बसायचा. मी त्या चित्रांना देव मानत होतो. नंतर आम्ही तरुण झालो आणि आम्हाला ती गुळमट वाटायला लागली. मग आम्ही कोळशानं काळेकुट्ट बुरुज काढले आणि मागे लाल आभाळ. ते म्हणजे सडलेली व्यवस्था. बुरुजाला व्यवस्था काय ठाऊक! पण प्रदर्शनात माणसं हनुवटीला हात लावून उभी राहायची आणि आम्हाला वाटायचं, क्रांती होऊन राहिली.

आणि आता साडू.

दिवाळी होऊन गेली होती. मी आणि बायको आदल्या दिवशी बसनं अकोल्याला गेलो. सकाळी बायको बहिणीकडे थांबली आणि साडू आपल्या पांढऱ्या गाडीतून मला घेऊन निघाला. अकोटच्या पुढे शहानूरला जंगलखात्याचं नाकं आहे. तिथल्या गार्डनं सांगितलं, प्लास्टिक टाकू नका, मोठ्यानं गाणी लावू नका, अंधार पडायच्या आत खाली या. साडूनं मान हलवली आणि गाडीतलं गाणं थोडं कमी केलं.

वर पोचल्यावर मी त्याला सरळ महाकाली दरवाजापाशी नेलं. नरनाळ्यावर पाहण्यासारखं बरंच आहे, पण एकाच गोष्टीसाठी वर यायचं असेल तर ती हा दरवाजा. पांढुरका वाळूचा दगड, दोन्ही बाजूंना नक्षीचे सज्जे, दगडात कोरलेली कमळं आणि वर कमानीभोवती अरबी-फारसी अक्षरांची पट्टी. ती अक्षरं वेलीसारखी एकमेकांत गुंतत जातात. मला ती वाचता येत नाहीत, पण काढता येतात. काही ठिकाणी दगड निखळलेले आहेत, काही ठिकाणी पुरातत्त्व खात्यानं डागडुजी केली आहे.

साडू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या तोंडावर जे आलं ते पाहण्यासाठी मी एवढा आलो होतो, आणि ते अगदी मला हवं तसं आलं. दुकानात फुटका टीव्ही दाखवल्यावर गिऱ्हाईकाच्या येतं तसं.

"हे असंच हाय काय?"

"असंच आहे."

"मले वाटलं आणखी... मोठं असंन." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "हे तं पडून राहिलं."

"पाचेकशे वर्षं झाली त्याला."

"म्हनून काय असं ठेवाचं?" तो खरोखर चिडला होता. "साडभाऊ, लगनात हे पडकं कोन पाहीन? नवरा-नवरी त्याच्यापुढं बसतीन. अपशकुन होते तो. तुमी असं करा, दरवाजा नवा करून द्या."

"नवा?"

"जवा बांधला तवा कसा असंन, तसा. चकचकीत. वर एक झेंडा. दोन्हीकून दोन हत्ती." तो थांबला, मान वर करून कमानीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. तिथं आम्ही दोघंच होतो. "आन हे उर्दू काढून टाका."

"ती उर्दू नाही."

"जे असंन ते. लोकं काय म्हनतीन?"

बोलण्यासारखं फार होतं, पण त्याचा फोन वाजला. केटररचा होता. साडू पनीर या विषयावर बोलत बोलत गाडीकडे गेला आणि नंतर दिवसभर तिकडेच राहिला. दरवाजाला त्यानं हातसुद्धा लावला नाही. माणूस आपला इतिहास बघायला येतो, त्याला इतिहासात खोट दिसते आणि तो पनीरकडे वळतो. मी घडीची खुर्ची उघडली, कागद काढले आणि दुपार उतरेपर्यंत रेखाटत बसलो.

अमरावतीला परत आल्यावर मी सरांकडे गेलो. सर आता नव्वदीच्या घरात आहेत. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. बाल्कनीत खुर्ची, गुडघ्यावर शाल, समोर दुसऱ्या फ्लॅटची भिंत. मी येताना दह्यातला गिला वडा आणला होता. तो त्यांना वर्ज्य आहे आणि आवडतो. मी त्यांना साडूची सगळी हकिकत सांगितली. मला त्यांच्याकडून एक गोष्ट हवी होती. त्यांनी माझ्यासारखंच तुच्छतेनं हसावं.

ते हसले नाहीत. त्यांनी वडा संपवला, बोटं पुसली आणि विचारलं, "मग? हत्ती काढतोस का?"

"सर, मी सांगतोय काय आणि तुम्ही..."

"माझ्या बकऱ्या आठवतात तुला?"

"आठवतात ना. तुमच्या बकऱ्यांवरून मी बकऱ्या शिकलो."

"नरनाळ्यावर मला एकही बकरी दिसली नाही कधी. जंगल आहे ते. तिथं बकऱ्या कोण नेईल? वाघाला द्यायला?" त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. "पहिलं चित्र मी बकऱ्यांशिवाय काढलं होतं. कोणी घेतलं नाही. एक डॉक्टर म्हणाले, भकास वाटतं हो. मग धनगर टाकला. आभाळ सोनेरी केलं. घेतलं त्यांनी. नवीन बंगला बांधला होता. नवीन बंगल्यात माणसाला जुनं पडकं काहीतरी टांगायचं असतं. सोनेरी हवं फक्त."

"आणि डागडुजी? तुमच्या वेळीही सिमेंट असेल की."

"सिमेंट होतं. ते मी चित्रात पाडलं." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. "तुझा साडू भिंत उभी करतो, मी पाडत होतो. धंदा तोच."

मी त्यांच्या पाया पडलो आणि खाली आलो. जिन्यात मला राग आवरेना. साहेब लबाड होता हे मला पटलेलं होतं, साडू अडाणी होता हेही पटलेलं होतं. पण ज्या सोनेरी संध्याकाळीपुढे मी तासन्‌तास उभा राहिलो, ती एका डॉक्टरच्या बंगल्याच्या मापाची होती हे कोणी सांगावं असं मला वाटत नव्हतं. आणि तेही गिला वडा खाता खाता.

त्या रागात मी चित्र काढायला घेतलं. साडूनं सांगितलेलं नव्हे. मी कॅनव्हासवर तो दरवाजा जसा आहे तसा काढला. बकऱ्या नाहीत, सोनं नाही, लाल आभाळ नाही, हत्ती नाहीत. डागडुजीचं सिमेंट त्याच्या खऱ्या राखाडी रंगात काढलं. माहितीचा गंजका फलक काढला. पायथ्याशी पडलेली कुरकुऱ्याची पाकिटं काढली. आणि भिंतीवर लोकांनी खरडलेली नावं काढली. माणसं किल्ल्यावर जातात आणि दगडावर स्वतःचं नाव खिळ्यानं कोरून येतात, या जातीची मला सगळ्यात जास्त किळस आहे. म्हणून ती नावं मी सगळ्यात जास्त काळजीनं काढली. रेखाटनात मी ती अक्षर न्‌ अक्षर उतरवून घेतली होती. कोणाचा बदाम, कोणाचा बाण, कोणाच्या गावाचं नाव. म्हटलं, टांगा हे तुमच्या लग्नात. हाच तुमचा इतिहास.

बायकोनं ते पाहिलं आणि म्हणाली, "हे काई तुमचे साडभाऊ घेनार नाई." मी म्हणालो, "न घेऊ दे." मला तेच हवं होतं.

साडू काही कामानं अमरावतीला आला आणि चित्र पाहायला घरी आला. चित्र दिवाणाच्या समोर, स्टॅंडवर होतं, त्यामुळे या वेळी त्याला पाठ करून बसता आलं नाही. मी चहाची वाट पाहत होतो आणि त्याच्या चिडण्याचीही.

"हे काय केलं साडभाऊ! कचरापन काढला?"

"होता म्हणून काढला."

"आन हे पोट्ट्याईनं खरडलेलं..." तो चित्राच्या जवळ गेला. बोटानं एकेक नाव वाचायला लागला, मोठ्यानं, हसत. दोन-तीन वाचून झाली. मग वाचणं थांबलं. त्याचं बोट डाव्या सज्ज्याखालच्या एका नावावर होतं. नाव तीन अक्षरांचं, खाली गावाचं नाव. गावाच्या नावातला 'र' कोरणाऱ्यानं उलट्या बाजूला वळवलेला. माझ्या ते लक्षात होतं, कारण तो 'र' उतरवताना मी मनात म्हटलं होतं, गाढवाला स्वतःचं गावही लिहिता येत नाही.

"हे तुमी मनानं लिवलं?" साडूनं विचारलं.

"मनानं कसं लिहीन? तिथं आहे तसं काढलं."

"हा 'र' असाच हाय तथी?"

"असाच."

तो खाली बसला. दिवाणावर नाही, जमिनीवरच, चित्रापुढे. बायको चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

"आमचा मोठा भाऊ," तो म्हणाला.

साडूला मोठा भाऊ होता हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तो विषय कधी निघाला नव्हता. मग त्यानं सांगितलं. भाऊ दहावीत असताना शाळेची सहल नरनाळ्यावर गेली होती. घरी आल्यावर त्यानं धाकट्याला सांगितलं, किल्ल्यावर माझं नाव टाकून आलो, आता ते कोणी मिटवू शकत नाही. त्याचा 'र' नेहमी उलटा पडायचा. मास्तर त्यासाठी छडी मारायचे. पुढच्या उन्हाळ्यात तो मळ्यातल्या विहिरीत पोहायला उतरला आणि वर आला नाही. घरात त्याचा फोटो नव्हता. सहलीत वर्गाचा काढला होता म्हणे, तो कुठं गेला कोणास ठाऊक. वह्या आईनं चुलीत घातल्या, पाहवत नव्हत्या म्हणून.

"मी म्हनूनच कदी वर गेलो नाई," साडू म्हणाला. "घरून दिसे. पन गेलो नाई. त्या दिवशी तुमच्यासंगं गेलो तं मले वाटलं, इतक्या वर्सानं काय राहिलं असंन. पाहून उगाच... म्हनून मी गाडीतच बसलो."

पनीर मला आठवलं आणि मी चहाचा कप उचलला.

माणूस हळवा झाला म्हणून शहाणा होतो असं कोणी समजू नये. चहा पिऊन झाल्यावर साडू उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "साडभाऊ, हा तेवढा तुकडा कापून देता काय?"

"चित्राचा?"

"हा कोपरा फक्त. मी फ्रेम करून घेतो."

मी नाही म्हणालो. जरा ओरडूनच म्हणालो असेन, कारण बायकोनं माझ्याकडे डोळे वटारले. तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाजामागे वारा होता. एकटाच वर गेला होता.

"हाय, साडभाऊ. तथीच हाय. मी हात लावून पाह्यला. तं तो गार्ड मांगून ओरडला, हात लावू नका, पुरातन हाय." तो हसला की काय ते मला कळलं नाही. "आता माह्यं आयका. दरवाजा नवाच करा. हत्ती घ्या, झेंडा घ्या. भिंत चकचकीत. पन भावाचं नाव तथी राहू द्या. जसं हाय तसं."

मी डोक्याला हात लावला. चकचकीत, कालच बांधून झालेला, हत्ती झुलणारा दरवाजा आणि त्यावर एका दहावीतल्या मुलानं खिळ्यानं खरडलेलं नाव! साहेबानं केलं नाही, सरांनी केलं नाही, आमच्या काळ्या बुरुजवाल्यांनीही केलं नाही, असं काहीतरी हा मला करायला सांगत होता. त्यात काळ नव्हता, इतिहास नव्हता, अक्कल तर नव्हतीच. फक्त त्याला जे हवं ते सगळं होतं.

मग मला एक सुचलं.

"करतो," मी म्हणालो. "पण वरची अक्षरंही राहतील."

"कोनती? ते उर्दू?"

"ते. तुमच्या भावानं भिंतीवर लिहिलं, त्यांनीही भिंतीवर लिहिलं. एकाचं ठेवायचं असेल तर दुसऱ्याचंही ठेवायचं. नाहीतर मी दोन्ही पुसतो."

त्यानं पुन्हा आवाज खाली आणला.

"लोकं काई म्हनले तं?"

"ते तुम्ही पाहा."

"बरं," तो म्हणाला. "राहू द्या. काय करता!"

ते चित्र मी कार्यालयात जाऊन भिंतीवरच रंगवलं. परांची बांधून, साडूच्या घरी मुक्काम करून. दिवाणखान्यात टांगायच्या मापाचं काम माझ्या हाताला सवयीचं, एवढ्या मोठ्या भिंतीचं नाही. हत्ती बरे जमले नाहीत. एक तर म्हशीसारखा झाला. झेंडा मी लहान केला, साडूनं तो वाढवून घेतला. अक्षरांची पट्टी मात्र मी माझ्या रेखाटनावरून अशी काढली की साडूनं खालून पाहिलं आणि म्हणाला, "दिसाले तं भारी दिसते." भावाचं नाव शेवटी काढलं. 'र' उलटा घातला. साडू तेव्हा खाली उभा होता. परांचीवर चढून जवळ यावं असं त्याला वाटत होतं, पण वजनामुळे मिस्त्रीनं त्याला चढू दिलं नाही.

पहिल्या लग्नाला आम्हाला आमंत्रण होतं. मी मुद्दाम स्टेजच्या जवळची खुर्ची धरली. माझी अपेक्षा अशी की आता गंमत होणार. कोणी अक्षरांवरून आवाज करेल, कोणी नावावरून. प्रत्यक्षात कोणी पाहिलंच नाही. माणसं स्टेजवर चढत, आहेराचं पाकीट देत, फोटोसाठी दात दाखवत आणि जेवायला पळत. माझ्या शेजारच्या एका गृहस्थांनी फक्त एकदा मान वर केली.

"कॉम्प्युटरवर केलं वाटते," ते म्हणाले.

"हातानं केलंय."

"काय सांगता!" ते म्हणाले. "मग ते नाव कोनं खरडलं? पोट्टे चित्रालेही सोडत नाईत आजकाल." आणि वडाभाताची पंगत बसली का ते पाहायला उठून गेले. वरच्या अक्षरांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. साडूचं भय, माझी अट, माझा तो मोठेपणा, सगळंच फुकट. ज्या लोकांसाठी साहेबापासून साडूपर्यंत सगळ्यांनी भिंती पाडल्या आणि उभारल्या, ते लोक पंगतीला होते.

स्टेजवर मात्र थोडी गडबड झाली. नवरा-नवरीचा सोफा मधोमध ठेवला होता आणि त्याच्या उंच पाठीनं डाव्या सज्ज्याखालची भिंत झाकली जात होती. साडू स्टेजवर चढला आणि सोफा उजवीकडे सरकवा म्हणाला. फोटोग्राफर म्हणाला, लाईट लावून झाले, आता सरकवता येणार नाही. नवरीचा मामा म्हणाला, सोफा मधातच पाहिजे, हे काय भलतंच. साडूनं कोणाचं ऐकलं नाही. बाह्या सारून स्वतःच सोफ्याला हात घातला, नवरीचा शेला पायात आला, आणि तरी त्यानं तो सरकवला. फोटोग्राफरनं शिव्या घालत सगळे लाईट पुन्हा लावले.

तिथं लग्नं होतात त्या सगळ्यांच्या फोटोत आजही नवरा-नवरी एका बाजूला बसलेले दिसतात. मध्ये दरवाजा, दरवाजाच्या उजवीकडे ते दोघं, डावीकडे मोकळी भिंत. डेकोरेशनवाला दर वेळी कुरकुरतो. साडू त्याला कारण सांगत नाही.

ते चित्र वाईट आहे. मी अकोल्याला गेलो की त्याच्यासमोरून मान खाली घालून जातो, मुख्यतः त्या म्हशीमुळे. दुसरं, खरं चित्र माझ्याकडेच आहे. बायको म्हणते पाकिटं तरी पुसा. मध्ये एकदा मी सरांना दोन्हींचे फोटो मोबाईलवर दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले, फार वेळ पाहिले, आणि विचारलं की पुढच्या वेळी येताना वडा आणशील ना. मी म्हणालो, आणतो.